वांग्याच्या मुळांवरच्या गाठी आणि ‘जीन बंद करणारी’ बाटली: तापीकाठचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमळनेर आणि चोपडा यांच्या मधल्या तापीकाठच्या पट्ट्यातलं. शेतकऱ्याचं नाव-गाव सांगत नाही. भाऊबंदांत सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, मीही तेच म्हणेन. अहिराणी मुलखात गल्लीगणिक एक जिभाऊ असतो, तेव्हा कोणी ओळखेल ही भीती नाही. मी या भागात भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाला पीक सल्ला देतो. या प्रकरणात माझ्याही चुका आहेत, त्या जागच्या जागी येतीलच.

जिभाऊंची जमीन साडेसहा एकर. चार एकर काळी भारी, तिच्यात कपाशी. उरलेली अडीच एकर नदीकडे उतरत जाणारी, पोयट्याची, रेती मिसळलेली. तिथे भरताची वांगी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद-आसोद्याच्या मालाची जी ऐट, ती या काठाच्या मालाला नाही. पण थंडी पडली आणि शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू झाल्या की इकडचं वांगंही हातोहात जातं. म्हणून जिभाऊ सहा वर्षं त्याच रानात वांगी लावत होते. मधे एखाद वर्षी टोमॅटो, एखाद वर्षी भेंडी. त्यांच्या मते हा फेरपालटच होता. पण जमिनीखाली जो पाहुणा येऊन बसला होता, त्याला ही तिन्ही ताटं सारखीच आवडीची.

अडचण कशी दिसली

ऑगस्ट २०२३ मध्ये दीड एकरावर लागवड झाली. ऑक्टोबरात काही ठिकाणी झाडं पिवळी पडू लागली. सगळीकडे नाही, खाटेएवढ्या, बैलगाडीएवढ्या टापूंत. दुपारी बाराला झाड मान टाकायचं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं. जिभाऊंनी दुकानदाराला विचारलं, त्याने ‘मर’ म्हटलं. ठिबकमधून तीन वेळा बुरशीनाशक सोडलं गेलं. मग झाडाला ताकद नाही म्हणून विद्राव्य खत. खताने चार दिवस हिरवेपणा आला आणि गेला.

मला फोन आला नोव्हेंबरच्या शेवटी. जिभाऊंनी वेगवेगळ्या कोनांतून झाडांचे अकरा फोटो पाठवले होते. मुळाचा एकही नव्हता. मीही मागितला नाही आणि फोटो बघून ‘एकदा खोड कापून पाण्यात धरा’ एवढंच सांगितलं. जिवाणूजन्य मर असेल तर कापलेल्या खोडातून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात दुधासारखे धागे उतरतात. धागे उतरले नाहीत. तिथेच मी मूळ उपटायला सांगायला हवं होतं. त्याऐवजी ‘येतो पुढच्या आठवड्यात’ म्हणालो आणि गेलो सतरा दिवसांनी.

गेल्यावर पहिलं काम म्हणून पिवळ्या टापूच्या कडेचं एक झाड फावड्याने मातीसकट उचललं. उपटलं की बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात आणि तीच बघायची असतात. बादलीत हळूहळू माती विरघळवली. जे वर आलं ते मूळ वाटतच नव्हतं. आल्याच्या कुड्या दोरीत ओवाव्यात तसं काहीतरी. जिभाऊ वाकून बघत म्हणाले, “हाई काय शे भो?”

त्यांना हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी माहीत होत्या, त्या चांगल्या असतात हेही माहीत होतं. तो फरक तिथेच दाखवला. हरभऱ्याची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने खुडली की सुटते. ही गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ती सुटत नाही. एक गाठ ब्लेडने उभी चिरली आणि भिंग धरलं. आत मोत्यासारखे पांढरे, नासपतीच्या घाटाचे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. एकेक ठिपका म्हणजे एकेक मादी. बाहेरच्या अंगाला तपकिरी चिकट गोळी, तिच्यात शेकडो अंडी. प्रयोगशाळेतून उत्तर आलं ते अपेक्षितच होतं: मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे मातीतला दोऱ्यासारखा सूक्ष्म जंत, मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा.

या कृमीचं गणित समजलं की पुढचे सगळे निर्णय समजतात. अंड्यातून निघणारं पिल्लू जेमतेम ०.४ मिलिमीटर लांब असतं. ते ओल्या मातीतून पोहत मुळाच्या टोकाशी येतं, आत शिरतं आणि एका जागी कायमचं बसतं. तोंडातल्या सुईसारख्या नळीतून ते मुळाच्या पेशींत स्राव सोडतं. त्या पेशी फुगून महापेशी होतात आणि झाडाचं अन्न कृमीला पुरवू लागतात. ओलं, ऊबदार रान असेल तर तीन-चार आठवड्यांत पुढची पिढी तयार. नर लागतच नाही. वांग्याचा हंगाम सहा महिन्यांचा. पिढ्या किती होतात ते मोजा. रेताड जमिनीत तिला फिरायला मोकळीक असते, म्हणून चार एकर काळ्या रानात त्रास कमी आणि नदीकडच्या तुकड्यात जास्त.

उगम कुठे होता

हे शोधायला दोन भेटी लागल्या. जिभाऊंची समजूत अशी की पुरात कीड वाहून आली. असेलही थोडी. पण विहिरीजवळच्या गादीवाफ्यावर ते सहा वर्षं स्वतःची रोपं तयार करत होते, जागा तीच. वाफ्यात चुकून राहिलेली पाच-सहा रोपं उपटली, तर दोन बोटं उंचीच्या रोपालासुद्धा गाठी. म्हणजे दरवर्षी दीड एकरावर हाताने, ओळीत, दोन-दोन फुटांवर कृमीची लागवड होत होती. सूनबाई शेजारी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, जिभाऊ मात्र हसले. “पैसा बी गया, झाडंबी ग्यात,” एवढं म्हणून विहिरीच्या कठड्यावर बसले.

पूर्वी अशा वेळी गावात फोरेटचे दाणे टाकायची पद्धत होती. ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. तरी ‘जुना माल’ कोणाकडे मिळेल का, याची चौकशी जिभाऊंनी माझ्यादेखत केली. भाजीपाल्यात ते टाकून मग भरताची पार्टी कशी करणार, असं विचारल्यावर विषय थांबला.

मे २०२४: पहिला उपाय फसला

उन्हाळ्यात माती तापवायची असं ठरलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणजे फुकटची भट्टी. रान ओलवायचं, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरायचं, कडा मातीत दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. मी फोनवर म्हणालो, “पेपर अंथरा.” आमच्याकडे शेतात ‘पेपर’ म्हटलं की मल्चिंग पेपर, वरून चंदेरी आणि खालून काळा. जिभाऊंनी तोच अंथरला. चंदेरी बाजू ऊन परत फेकते. खाली माती भट्टीसारखी तापायच्या ऐवजी सावलीत बसते. शिवाय जमीन ओलवलीच नव्हती. महिनाभराने मी गेलो तेव्हा कागद झकास ताणलेला आणि खाली माती गार. ही माझी दुसरी चूक. ‘पारदर्शक’ हा एक शब्द वाचवला आणि एक उन्हाळा गेला.

बाटली आली

जून २०२४ मध्ये जिभाऊ चार बाटल्या घेऊन माझ्याकडे आले. एकेक लिटरची बाटली, अठराशे रुपयांना एक. विकणारा व्याह्यांच्या ओळखीतला. तो म्हणाला होता: हे विष नाही, हे आरएनए तंत्र आहे, ठिबकने सोडलं की कृमीचा जीन बंद पडतो. सोबतच्या चकचकीत पत्रकावर नोबेल पदकाचं चित्र छापलेलं. बाटलीवर कीटकनाशक म्हणून नोंदणी क्रमांक नव्हता, घटक काय ते नव्हतं. ‘नॅनो’, ‘ऑरगॅनिक’ आणि ‘आरएनए’ एवढे तीन शब्द मोठ्या अक्षरात.

इथे सोपं होतं ते ‘फसवलं तुम्हाला’ म्हणून मोकळं होणं. पण पत्रकातलं सगळं खोटं नव्हतं आणि तोच त्यातला धोका होता. जिभाऊंचा भाचा बायोटेक्नॉलॉजी शिकतो, त्यानेही फोनवर सांगितलं होतं, “मामा, तंत्र खरं आहे.” तंत्र खरं आहे. प्रश्न ते बाटलीतून मुळांपर्यंत पोचतं का, हा होता.

जीन गप्प करणं म्हणजे काय

जिभाऊंना मी असं सांगितलं. पेशीत जीन म्हणजे मालकाची वही. वही घराबाहेर जात नाही. काही हवं असेल तर मालक वहीवरून चिठ्ठी लिहून देतो आणि दुकानदार चिठ्ठी बघून माल काढतो. ती चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए, माल म्हणजे प्रथिन. आता कोणी चिठ्ठी वाटेतच फाडली, तर वहीत नोंद जशीच्या तशी, पण दुकानातून माल येणार नाही. जीन गप्प करणं म्हणजे चिठ्ठी फाडणं.

चिठ्ठी फाडायची युक्ती पेशीकडे मुळात असतेच. दुहेरी धाग्याचा आरएनए दिसला की पेशीला तो विषाणू वाटतो. डायसर नावाचं एन्झाइम त्याचे छोटे तुकडे करतं. मग तो तुकडा नमुना म्हणून हातात धरून पेशीतली यंत्रणा त्याच्याशी जुळणारी प्रत्येक चिठ्ठी शोधून कापत सुटते. तुम्ही कृमीच्या एखाद्या जीनशी जुळणारा दुहेरी आरएनए कृमीच्या पोटात घातलात, तर ती स्वतःच स्वतःच्या चिठ्ठ्या फाडते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी हे १९९८ मध्ये दाखवलं आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की त्यांनी ते दाखवलं तेही एका सूत्रकृमीतच. पण ती मातीत जिवाणू खाऊन राहणारी, झाडाला काही न करणारी.

आता आपली कृमी. २००२ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सच्या संशोधकांपुढे पहिला अडथळा असा आला की झाडावर जगणाऱ्या कृमीचं पिल्लू मुळाबाहेर असताना काही खातच नाही. त्याचं तोंड उघडतं ते मुळात शिरल्यावर. त्यांनी ऑक्टोपामाइन नावाचं रसायन पाण्यात घालून पिल्लांना गिळायला लावलं, तेव्हा कुठे आरएनए पोटात गेला. हे ऐकल्यावर जिभाऊंनी बाटलीकडे पाहिलं. ठिबकमधून मातीत सोडलेलं औषध, ज्याचं तोंडच बंद आहे त्याला कसं पाजणार?

म्हणून संशोधनाची गाडी दुसऱ्या वाटेने गेली: दुहेरी आरएनए झाडालाच आपल्या पेशीत तयार करू द्यायचा. कृमी महापेशीतून रस ओढेल तेव्हा तो आपोआप तिच्या पोटात जाईल. २००६ साली अमेरिकेत कृमीच्या स्रावातल्या १६डी१० या जीनवर हे करून पाहिलं गेलं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपट्यात मुळांवर गाठी करणाऱ्या चारही मुख्य जातींचा त्रास लक्षणीय घटला. त्याच वर्षी कानपूर आयआयटी आणि मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी तंबाखूत तसाच परिणाम दाखवला. आणि थेट आपल्या कामाचं: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कृमीच्या घशातल्या ग्रंथींचे दोन जीन गप्प करणारी वांग्याची झाडंच तयार केली. त्यांचं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा ‘वांग्यात होऊ शकतं का’ हा प्रश्न सुटलेला आहे.

सुटलेला नाही तो पुढचा. अशी झाडं जनुकीय बदल केलेली ठरतात. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या आळीसाठी केलेल्या बीटी वांग्याला जनुकीय पिकांना मान्यता देणाऱ्या देशाच्या समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला होता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशात तेच वांगं शेतात आहे.

फवारायचा आरएनए हीसुद्धा थाप नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लेडप्रोना हे पहिलं फवारायचं आरएनए कीटकनाशक नोंदवलं. ते बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्यासाठी आहे. भुंगा पान खातो, पानावरचं औषध पोटात जातं, काम होतं. मुळात दडलेल्या कृमीचं तसं नाही. पानावर मारलं तर ते पूर्ण धाग्यानिशी मुळापर्यंत उतरावं लागतं. मातीत ओतलं तर मातीतले सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात. मक्यासाठी केलेल्या अशाच एका आरएनएच्या चाचण्यांत तो मातीत दोनेक दिवसांत नाहीसा होताना दिसला. पर्यावरणाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण बाटलीवर लिहिलं होतं ‘एकदा सोडा, हंगामभर निश्चिंत’.

कोणते पर्याय तोलले

जिभाऊंचा पहिला प्रश्न मी अपेक्षिला होता तोच: “चोर बीटीसारखं हे वांगं कुठून मिळत असंल तर?” आमच्या भागात परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं गुजरातच्या बाजूने कसं येतं, हे सांगायची गरज नाही. पण तिथे निदान तणनाशक मारलं की गवत मरतं आणि कपाशी राहते की नाही ते डोळ्यांनी दिसतं. असं वांगं बाजारात नाहीच. कोणी ‘आहे’ म्हणाला तर पिशवीत साधं बी असणार. आणि असतं तरी बेकायदेशीर. हा पर्याय पाच मिनिटांत मिटला. पुढे मे २०२५ मध्ये जनुक संपादित भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले तेव्हा भाच्याने पुन्हा उचल खाल्ली: भाताला चालतं, वांग्याला का नाही? फरक असा की २०२२ च्या नियमांत सूट आहे ती बाहेरचा जीन न ठेवता केलेल्या संपादनाला. दुहेरी आरएनए तयार करणाऱ्या झाडात बाहेरून रचून घातलेला तुकडा कायम राहतो. त्याची वाट बीटीचीच.

दुसरा पर्याय म्हणजे वांगी सोडून प्रतिकारक टोमॅटो. टोमॅटोत एमआय नावाचा नैसर्गिक जीन आहे, रानटी टोमॅटोतून आणलेला, आणि बऱ्याच संकरित वाणांत तो असतो. पण मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की तो ढिला पडतो. खानदेशात २८ म्हणजे पहाटेचा गारवा! थंडीतल्या लागवडीला कदाचित चालेल, ऑगस्टच्या नाही. शिवाय जिभाऊंना टोमॅटोच्या भावाचा एकदा असा चटका बसलाय की त्या शब्दानेच ते उठून जातात.

तिसरा, सोलॅनम टोर्व्हम या रानवांग्याच्या खुंटावर केलेली कलमी रोपं. हा खुंट कृमीला दाद देत नाही. मला हाच पर्याय सर्वांत आवडला होता. अडचण अशी की आम्हाला हव्या त्या भरताच्या वाणाची कलमं कोणी करून देईना, आणि जी मिळत होती ती रोपामागे दहा रुपये. घरच्या रोपाला रुपयाही पडत नाही. दीड एकराचा हिशेब मांडल्यावर जिभाऊ गप्प झाले. मीही फार रेटलं नाही.

फ्लुएनसल्फोन, फ्लुओपायरम अशी नोंदणी असलेली नवी कृमिनाशकं हा चौथा पर्याय. ती काम करतात. पण गादीवाफ्यातून दरवर्षी नवी कृमी येत राहिली, तर त्यांचा खर्च दरवर्षीचा. म्हणून ती मागे ठेवली.

उरला तो पाचवा, कंटाळवाणा आणि एका वाक्यात न सांगता येणारा: स्वच्छ रोप, आवडीचं ताट बंद, तापवलेली माती, आणि शेणखतात वाढवलेली मित्रबुरशी. बाटलीसमोर हा पर्याय फार फिका दिसतो, हे मान्य करायला हवं. बाटलीत एक गोष्ट आहे, ती सोडली की संपलं. यात दोन वर्षं आहेत.

निर्णयाची जागा: बाटलीचं काय करायचं

बाटल्या आधीच विकत घेतल्या होत्या. जिभाऊंचं म्हणणं, सात हजार दोनशे गेलेच आहेत तर सोडून बघू. माझं म्हणणं, सोडलंत तर ऑगस्टमध्ये त्याच रानात वांगी लावाल, आणि औषध चाललं नाही तर पैशांबरोबर हंगाम जाईल. तेव्हा शेतात नको, कुंड्यांत बघू.

चोवीस कुंड्या घेतल्या. सोळांत पिवळ्या टापूची माती, तिच्यात गाठींची मुळं बारीक करून सारखी मिसळलेली. उरलेल्या आठांत तीच माती, पण भिजवून चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात झाकण ठेवून तासभर तापवलेली. सगळ्यांत कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली रोपं. सोळापैकी आठांना बाटलीतलं औषध, पत्रकात दिलेल्या मात्रेने दहा दहा दिवसांनी तीनदा. बाकी सर्वांना नुसतं पाणी. सूनबाई गावच्या शाळेत शिकवतात. त्यांनी कुंड्यांच्या बुडाशी खडूने अक्षरं लिहिली आणि कोणतं अक्षर कशाचं ते फक्त स्वतःच्या वहीत ठेवलं. ही कल्पना माझी नाही, त्यांची. मी नुसतं ‘कोणती कोणती ते लिहून ठेवा’ म्हणालो होतो.

पंचेचाळीस दिवसांनी गोठ्यामागे बादल्या मांडून मुळं धुतली. शून्य म्हणजे गाठ नाही, पाच म्हणजे मूळ गाठींनी भरलेलं, असे गुण मी दिले आणि मग वही उघडली. पाण्याच्या आठ कुंड्यांत एकही तीनच्या खाली नव्हती. औषधाच्या आठांतही नव्हती. तापवलेल्या मातीत सहा शून्य, दोन एक.

यातून आरएनए तंत्र फसलं असं मुळीच निघत नाही. बाटलीत आरएनए होता की गूळपाणी, हे तपासलेलं नाही आणि आठ कुंड्या म्हणजे विद्यापीठाचा प्रयोग नव्हे. निघालं ते एवढंच की या बाटलीच्या जिवावर दीड एकर लावू नये. जिभाऊंना मात्र तिसऱ्या रांगेने जास्त पटवलं. धुतलेलं पांढरं मूळ हातात धरून ते बराच वेळ बघत होते. सहा वर्षांत त्यांनी वांग्याचं निरोगी मूळ पाहिलंच नव्हतं.

तक्रार करावी की नाही, हा प्रश्न इथेच आला. तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाला न उघडलेली बाटली देता आली असती. व्याह्यांचं नातं आडवं आलं, जिभाऊ नको म्हणाले आणि मी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही. तोच माणूस पुढच्या हंगामात शेजारच्या गावात फिरत होता हे कळलं, तेव्हा मला ते लागलं.

काय केलं

२०२४ च्या पावसाळ्यात बाधित रानात वांगी नाहीत. तिथे दसऱ्यासाठी झेंडू, दाट. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं या कृमीला मारक आहेत आणि फुलं विकून खर्चही निघतो. दसऱ्याला भाव बरा मिळाला, दिवाळीला पडला. झाडं तिथेच गाडली. त्यावर रब्बीत दादर ज्वारी. हलक्या रानात पाणी देऊन दादर पेरतो म्हणून गाव हसलं, पण ज्वारीवर ही कृमी वांग्यासारखी फोफावत नाही. अट एकच होती, रानात काटेमाठ आणि कामोणी राहू द्यायची नाही, कारण कृमी तणावरही दिवस काढते. ही अट निम्मी पाळली गेली.

वांगी लावायचीच होती, ती नाल्यापलीकडच्या काळ्या तुकड्यात पाऊण एकर. रोपं ट्रेमध्ये, कोकोपीटवर. जुना गादीवाफा कायमचा बंद.

मे २०२५ मध्ये पुन्हा माती तापवली. या वेळी २५ मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक मी स्वतः जळगावहून नेलं आणि आदल्या दिवशी पाणी सोडताना तिथे उभा राहिलो. सगळ्या अडीच एकराला ते परवडणारं नव्हतं, म्हणून जुना वाफा आणि २०२३ मध्ये पिवळे पडलेले टापू एवढंच झाकलं. टापू कुठे होते हे सूनबाईंच्या मोबाइलमधल्या त्या अकरा फोटोंवरून काढलं. मुळाचा फोटो नव्हता, पण मागे विजेचा खांब आणि लिंबाचं झाड होतं.

लागवडीच्या आधी एकरी चार क्विंटल निंबोळी पेंड आणि शेणखतात पंधरा दिवस सावलीत ओलसर ठेवून वाढवलेली पर्प्युरिओसिलियम बुरशी, जी दुकानात अजून पॅसिलोमायसिस या जुन्या नावाने मागावी लागते. ती कृमीची अंडी खाते. ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या रानात पुन्हा भरताची वांगी लागली, एक एकर.

काय झालं

दर तीन आठवड्यांनी रानाच्या वेगवेगळ्या भागांतून पाच झाडं बळी द्यायची असं ठरलं होतं. पहिल्या वेळी जिभाऊंना जीव वर खाली होत होता, फळाला आलेलं झाड उपटायचं म्हणजे काय. तिसऱ्या वेळी ते स्वतःच फावडं घेऊन पुढे निघाले.

डिसेंबरपर्यंत बहुतेक झाडांना शून्य ते दोन गुण. गाठी आहेत, नाहीतच असं कधीही होणार नव्हतं. २०२३ मध्ये तोडा डिसेंबरातच आटोपला होता, या वेळी फेब्रुवारीपर्यंत चालला. एकूण माल जुन्या चांगल्या वर्षांइतका नाही. झेंडू, दादर आणि प्लास्टिक यांच्यात गेलेलं वर्ष हिशेबात धरलं तर नफा अजून मागचा खड्डा भरतोय. ज्या भागात तण राहिलं होतं, विहिरीकडचा कोपरा, तिथे गुण चार. त्या कोपऱ्यात यंदा नोंदणी असलेलं कृमिनाशक वापरावं असं मी सुचवलंय. लेबलवर वांगी लिहिलेलं बघूनच.

पुन्हा वेळ आली तर

फोनवर निदान करणार नाही. दुपारी मान टाकून संध्याकाळी उठणारं झाड म्हटलं की पहिला प्रश्न ‘मूळ धुतलं का’ हाच विचारेन. ऑक्टोबरात एक झाड उचललं असतं तर तीन बुरशीनाशकं वाचली असती आणि २०२४ चा उन्हाळा वाया जायच्या आत रोपवाटिका बंद झाली असती.

कलमी रोपांबाबत मी लवकर हार मानली. दीड एकर परवडत नव्हता, पण विहिरीकडच्या कोपऱ्यापुरती दोनशे कलमं लावून बघता आली असती. भरताचा वाण कोणी करून देत नसेल तर बी आपण द्यायचं, खुंट त्यांचा; हे तेव्हा सुचलं नाही. यंदा एका रोपवाटिकेशी तसं बोलणं चाललंय.

बाटलीच्या बाबतीत एक गोष्ट मी वेगळी करेन आणि एक तशीच. कुंड्यांची चाचणी पुन्हा करेन, कारण नुसत्या माझ्या तोंडच्या शास्त्राने जिभाऊ थांबले नसते. पण एक बाटली सीलबंद ठेवून तिच्या नमुन्याचं काय करायचं, हे चाचणी सुरू व्हायच्या आधी ठरवेन, नातं आडवं यायच्या आत.

जीन गप्प करणाऱ्या वांग्याबद्दल जिभाऊ अजून विचारतात. दिल्लीचं ते झाड कधी येईल? मी स्थगितीची गोष्ट पुन्हा सांगतो. मागच्या भेटीत तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरी थापून झाल्या होत्या, आणि ते भाच्याला सांगत होते, “ते झाड आलं तरी रोप आपण ट्रेमध्येच करू.” उरलेल्या अडीच बाटल्या गोठ्याच्या वळचणीला आहेत. सूनबाईंनी त्यांच्यावरही खडूने अक्षर लिहून ठेवलंय.